गार्डियनचं गूढ शब्दकोडं, मिरजेतून सोडवताना

हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झाले की लंडनमध्ये रात्रीचे बारा वाजतात आणि ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर नव्या दिवसाचं क्रिप्टिक क्रॉसवर्ड, म्हणजे गूढ शब्दकोडं येतं. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा साडेचारलाच. माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे, ते नऊला उघडतं. आंघोळ, पूजा, चहा सोडून मधला जो वेळ उरतो तो गेली सहा वर्षं या कोड्याचा आहे. म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

आपल्या पेपरातल्या शब्दकोड्यात आणि यात फरक काय, हे आधी सांगतो, कारण काउंटरवरचा माझा कागद बघून गिऱ्हाइकं तेच विचारतात. आपल्याकडे ‘फूल (३)’ असं दिलेलं असतं आणि आपण ‘कमळ’ लिहितो. गूढ कोड्यातला क्लू, म्हणजे उत्तराकडे नेणारी ओळ, तेच उत्तर दोनदा सांगतो. एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच शब्दाची फोड. दोन्ही अशा बेताने जोडलेले असतात की त्यातून भलत्याच गोष्टीचं एक साधं वाक्य तयार होतं. आपण त्या वाक्याच्या मागे गेलो की वाट चुकलीच.

मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिला हे फोनवर समजावून सांगायचं होतं, पण गार्डियनचे क्लू मराठीत आणता येत नाहीत. त्यांचा जीव इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतो. म्हणून चार क्लू मीच मराठीत रचले. तेच इथे देतो, त्यातून कोड्याची चाल कळेल.

‘एक मळकट डबकं, पोटात फूल (३).’ ‘एक मळकट’ सलग वाचा: ए, क, म, ळ, क, ट. मधोमध कमळ आहे. ‘पोटात’ हा शब्द नुसता वाक्याच्या शोभेसाठी नाही, आत शोधा असं तो सांगतोय.

‘वेडीवाकडी सरकत केलेला व्यायाम (४).’ ‘सरकत’ची अक्षरं वेडीवाकडी मांडली की ‘कसरत’ होते, आणि कसरत म्हणजे व्यायाम. कुठल्याही गूढ कोड्यात असे अक्षरं फिरवायचे क्लू भरपूर असतात. नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

‘सरकारला द्यावा लागणारा हात (२).’ कर. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवलेत, बाकी काही नाही.

चौथा मला सगळ्यात आवडतो. ‘भावाशेजारी दारूचा अड्डा? तिथे तर राजा बसतो! (४).’ मुलगी बराच वेळ भाऊ धरून बसली होती. “बाबा, दादा, बंधू, भ्राता, काहीच लागत नाहीये.” मी म्हटलं, “अगं, भाऊचं ‘भावा’ होतं, तसं आणखी कशाकशाचं होतं?” पलीकडे दोन क्षण शांतता. मग ती भर ऑफिसात ओरडली, “भाव! दर! दर आणि बार, दरबार!” भाव म्हणजे दर, दारूचा अड्डा म्हणजे बार, आणि राजा बसतो तो दरबार. क्लूमधला एकही शब्द वाया गेलेला नाही आणि एकही खोटा नाही. प्रश्नचिन्हाकडे मात्र लक्ष द्यायचं नाही. विरामचिन्हं बहुतेक वेळा वाट चुकवायला टाकलेली असतात.

या खेळात रचणाऱ्याने हवं तितकं लपवावं, पण खोटं बोलू नये. मी गार्डियनकडे रोज परत जातो तो एवढ्यासाठीच. उत्तर समजल्यावर ‘अरे, हे तर समोरच लिहिलं होतं’ असं वाटलं पाहिजे. एक जुना, जगभर सांगितला जाणारा इंग्रजी क्लू बघा: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ (५). उत्तर आहे वॉटर. एचपासून ओपर्यंत, म्हणजे ‘एच टू ओ’. शाळेत पाण्याचं रासायनिक सूत्र शिकलेल्या कुणालाही हे समजावून सांगता येतं.

आता वापराविषयी. मी आजवर या कोड्यांसाठी पैसे मोजलेले नाहीत. सोमवार ते शुक्रवार रोज एक क्रिप्टिक असतं आणि शनिवारी ‘प्राइझ’ नावाचं. सोमवारचं त्यातल्या त्यात सोपं. याशिवाय नवशिक्यांसाठी आणि घाईत असलेल्यांसाठी ‘क्विप्टिक’ आहे. २०२४ पासून ‘क्विक क्रिप्टिक’ही सुरू झालं. त्यात मोजक्याच प्रकारचे क्लू असतात आणि कोणते, ते वरच लिहिलेलं असतं. मी शिकायला लागलो तेव्हा हे नव्हतं. मुलीला मी थेट तिथेच बसवलं आणि तिसऱ्या आठवड्यात तिची अर्धी चौकट भरू लागली. मला तेवढ्यासाठी आठ महिने लागले होते.

चौकटीखाली काही बटणं आहेत. एक भरलेला शब्द तपासतं, एक उत्तर उघडं करतं. अक्षरं फिरवण्यासाठी वेगळी सोय आहे: आपण अक्षरं टाईप केली की ती गोलात मांडून दाखवतं. इंग्रजी शब्द एका ओळीत वाचायची डोळ्याला सवय असते, गोलात ठेवला की ती सवय मोडते आणि नवा शब्द दिसायला लागतो. ही युक्ती मी आता कागदावरही वापरतो, औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पाठीवर गोल काढून. उत्तर उघडं करायचं बटण शक्यतो दाबू नये असं माझं मत आहे. त्यातून शब्द मिळतो, तो का आला हे कळत नाही. तपासायचं बटण मात्र बिनदिक्कत वापरावं. चुकीच्या शब्दावर पुढचे चार शब्द उभे करण्यात काही अर्थ नसतो.

मी स्वतः फोनवर सोडवत नाही. रोजचं कोडं छापून घेता येतं, ते मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतो. शिसपेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसलं की क्लूमध्ये रेघ मारता येते. अर्थ इथे संपला, फोड इथून सुरू झाली, अशी. सगळं कसब त्या एका रेघेत आहे. ती बरोबर पडली की क्लू निम्मा सुटला.

अवघड काय जातं? इंग्रजी नव्हे. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, इंग्रजी पाचवीपासून. शब्द शब्दकोशात सापडतात. अडतं ते तिथल्या घरातलं बोलणं: जुन्या मालिका, लंडनमधल्या भागांची नावं, शाळांमधले शब्द. ‘बार ऑफ सोप’ हा एक गाजलेला क्लू आहे. साबणाची वडी समजून आपण डोकं खाजवत बसतो. तिकडे सोप म्हणजे दूरदर्शनवरची मालिकाही होते आणि बार म्हणजे दारूचा गुत्ता, म्हणून उत्तर ‘रोव्हर्स रिटर्न’, ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेतला पब. ती मालिका ज्याने पाहिलीच नाही त्याच्या हाती काही लागत नाही. असा क्लू आला की मी आडव्या-उभ्या अक्षरांवर भिस्त ठेवतो.

पण एका बाबतीत आपण तयारच असतो. क्रिकेट! तिथल्या धावफलकातली सगळी अक्षरं या कोड्यात फिरत असतात. मेडन आली की एम, डक आला की शून्यासारखा दिसणारा ओ, कॉट म्हणजे सी, बोल्ड म्हणजे बी. ‘साइड’ दिसलं की लेग किंवा ऑन. अमेरिकन माणसाला हे पाठ करावं लागत असेल, मिरजेच्या पोराला ते जन्मापासून येतं. बाकीची संक्षिप्त रूपं मी वहीत लिहून ठेवली आहेत: कामगार म्हणजे मुंगी किंवा मधमाशी, खलाशी म्हणजे एबी, डॉक्टर म्हणजे एमओ. ‘फ्लॉवर’ दिसलं की फूल समजायचं नाही. फ्लो होते ती, म्हणजे नदी.

मधे एका मोबाइल ॲपचे वर्षाचे पैसे भरले होते. प्रत्येक क्लूचं स्पष्टीकरण मिळेल अशी त्यांची जाहिरात होती. स्पष्टीकरणं यायची, पण निम्म्यात अक्षरांचा हिशोबच जुळत नव्हता. सहा अक्षरांच्या उत्तरासाठी सात अक्षरं फिरवलेली. दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. औषधाच्या धंद्यात एक गोळी कमी-जास्त झाली तर चालत नाही, इथेही चालू नये. स्पष्टीकरण द्यायचं तर एकेक अक्षर मोजून द्यावं, नाहीतर देऊ नये.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते कोडं. गार्डियनच्या साठ्यात जुनी कोडीही उघडता येतात. त्यातलं ११ जानेवारी २०१३ चं, क्रमांक २५,८४२, कधीतरी जरूर सोडवा. रचणारे अराउकारिया, हे जॉन ग्रॅहम यांचं टोपणनाव. हे गृहस्थ पाद्री होते आणि १९५८ पासून गार्डियनसाठी कोडी रचत होते. अराउकारिया हे एका झाडाचं शास्त्रीय नाव आहे. इंग्रजीत त्या झाडाला ‘मंकी पझल’ म्हणतात, म्हणजे नावातच कोडं.

त्या दिवशी चौकटीच्या वर एक सूचना होती. मराठीत सांगायची तर अशी: ‘अराउकारिया यांना १९ चा १८ उभा झाला आहे, त्यावर १३ १५ हे उपचार सुरू आहेत.’ बाकी काही नाही. हे आकडे म्हणजे कोड्यातल्या उत्तरांचे क्रमांक, त्यामुळे कोडं सोडवल्याशिवाय ती सूचना वाचताच येत नव्हती.

मी हे कोडं काढलं ते पावसाळ्यातल्या एका रविवारी, दुकान बंद असताना. मुलगी घरी आली होती, दोघं एकाच कागदावर बसलो. ‘स्टेंट’ आला. मग ‘एंडोस्कोपी’. मिरज दवाखान्यांचं गाव, हे शब्द माझ्या काउंटरवर रोज पडतात, त्यामुळे मी भराभर लिहीत गेलो. मजाच वाटत होती. मग १९ ची दहा घरं. पहिलं अक्षर ओ होतं. मुलगी म्हणाली, “ओवरून काय असेल बाबा?” मला लगेच कळलं, कारण ब्रिटिश स्पेलिंगमध्ये अन्ननलिकेची सुरुवात ओने होते आणि आमच्याकडच्या जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर मी ते तसंच वाचत आलोय. ईसोफेगस. मी लिहिलं, आणि मग १८ ची सहा घरं भरायला हात उचलेना. मुलीने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि कॅन्सर लिहिलं. १३ आणि १५ मिळून ‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे आजार बरा करण्यासाठी नव्हे, तर त्रास कमी करण्यासाठीचे उपचार.

एक्याण्णव वर्षांच्या माणसाने आपल्या वाचकांना आपला आजार असा सांगितला. जे रोज त्याच्याबरोबर बसत होते त्यांनाच आधी कळावा, तोही त्यांनी आपल्या हाताने अक्षरं भरत भरत. कुठलाही नियम न मोडता, नेहमीच्याच चौकटीत. २६ नोव्हेंबर २०१३ ला ते गेले. त्या चौकटीत ‘सनसेट’ हाही एक शब्द आहे. आम्हाला तो सगळ्यात शेवटी सुटला, आणि त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

तो कागद मी शब्दकोशात ठेवलाय. पुण्याला परत गेल्यापासून मुलगी रोज रात्री फोन करते आणि पहिला प्रश्न तोच, “बाबा, कुठपर्यंत आलात?” या शनिवारच्या कोड्यात उजवीकडचा खालचा कोपरा राहिलाय, चार शब्द. त्याचा फोटो तिला आत्ताच पाठवला.