मँगोस्टीन : साल जड, गर हलका

गेल्या जूनमध्ये वाशीतील एका फळांच्या दुकानातून थायलंडच्या मँगोस्टीनचा एक किलोचा बंद डबा ६५० रुपयांना आणला, त्याविषयी हे लिहीत आहे. डब्यात १२ फळे निघाली. त्यांपैकी तीन दगडासारखी कडक होती आणि सुरीलाही दाद देईनात. उरलेल्या नऊ फळांचा गर घरच्या काट्यावर जेमतेम २२५ ग्रॅम भरला, म्हणजे गराचा भाव किलोला २,८०० रुपयांच्याही वर गेला.

चवीबद्दल मात्र तक्रार नाही. जाड जांभळी साल मधोमध दाबून फिरवली की आत लसणाच्या पाकळ्यांसारख्या पांढऱ्याशुभ्र फोडी दिसतात. त्यांचा गर तोंडात विरघळतो आणि गोडीला जो हलका आंबटपणा आहे, त्यामुळे सलग चार फळे खाल्ली तरी कंटाळा येत नाही. किती फोडी निघतील हे फळ न फोडताही कळते, कारण बुडाशी जी फुलासारखी खूण असते तिच्या पाकळ्या मोजल्या की आतल्या फोडींची संख्या मिळते. आमच्या घरी मुलांनी पैजा लावून हे तपासले आणि एकदाही चुकले नाही. ज्या फळाच्या खुणेला पाकळ्या अधिक, त्यातल्या फोडी लहान आणि बहुतेक बिनबियांच्या असतात, त्यामुळे निवडताना हीच खूण पाहावी.

रंगावर विसंबू नये, हे मला उशिरा उमगले. ती तीन कडक फळेही इतरांइतकीच सुरेख जांभळी होती. फळ वाहतुकीत आपटले किंवा दबले की साल त्या जागी कडक होते, आणि ते नुसते पाहून कळत नाही, बोटाने दाबल्यावरच समजते; बंद डब्यात तर तशी सोयच नसते. दुकानदाराने फळे बदलून देण्यास नकार दिला. आणखी एका फळात सालीचा पिवळा चीक गरात उतरला होता आणि तेवढा भाग कडवट लागला. सालीच्या रसाचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत, हे माझ्या एका पांढऱ्या सदऱ्याने सिद्ध केले आहे.

मँगोस्टीन हे आपल्या कोकमाचे सख्खे भावंड असून दोन्ही गार्सिनिया या एकाच प्रजातीतील सदाहरित वृक्ष आहेत. गंमत अशी, की रातांब्याची साल आपण आमसुलासाठी जपून वाळवतो आणि मँगोस्टीनची साल, जी वजनाचा मोठा हिस्सा असते, थेट कचऱ्यात जाते. आईने ती वाळवून आमटीत घालण्याचा प्रयोग केला, पण ती नुसती तुरट लागली, आंबटपणा नावालाही उतरला नाही.

केरळात आणि निलगिरीच्या कल्लार-बर्लियार भागातही हे झाड होते, तेव्हा पावसाळ्यात तिकडचा माल मिळाल्यास आधी तो पाहावा; त्याला प्रवास कमी घडलेला असतो. बी रुजवण्याची हौस असेल तर ती वाळू देऊ नये, कारण वाळलेली बी उगवत नाही, आणि रोप जगलेच तरी पहिल्या फळासाठी सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक, थांबावे लागते. पुढच्या वेळी मी सुटी फळे घेईन, एकेक दाबून, आणि अर्ध्या किलोपेक्षा अधिक नाही.