बोटीवरचा मैला: तरंगता पंप की ट्रॅक्टरचा टँकर?

साताऱ्याच्या बामणोली-तापोळ्याकडे तास-दोन तासांच्या फेरीला बोटीवर संडास लागतोच कुठे? पण उद्या मुक्कामाच्या बोटी आल्या, तर त्यांची मैल्याची टाकी कोणीतरी उपसायला हवी. या धंद्यात उतरायचं तर घ्यायचं काय?

तरंगता पंप, म्हणजे पंप आणि टाकी बसवलेली होडी, गिऱ्हाइकाच्या दारात जाते, एवढंच सुख. तिची भरलेली टाकी शेवटी काठालाच आणायची आणि पुन्हा टँकरमध्ये उपसायची. एकाच घाणीची दोनदा हमाली! नळी सुटली तर मैला थेट कोयनेच्या पाण्यात.

काठावर उभा राहून नळीने मैला ओढणारा टँकर रडवतो तो उन्हाळ्यात. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी उतरतं, काठ खाली सरकतो, चाकं गाळात रुततात. आणि दूर उभं राहून ओढावं, तर टँकरच्या व्हॅक्यूम पंपाची ओढ हवेच्या दाबावर. तत्त्वतः 10 मीटर, प्रत्यक्षात 6-7 मीटर चढ. त्यापुढे नुसती घरघर.

तरी मी टँकरच घेईन. पावसाळ्यात बोटी बसल्या तरी महाबळेश्वरकडच्या हॉटेलांच्या सेप्टिक टाक्या हप्ता फेडतील. फक्त संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवू नका, हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याने तो गुन्हा आहे. आणि मैला ओढ्यात नव्हे, शुद्धीकरण केंद्रातच रिकामा करायचा; डिझेलचा हिशेब त्या अंतरावरून धरा.