मित्रकीटक मागवण्याआधी मुंग्यांचं बघा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

क्रायसोपर्ला या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाच्या अंड्यांचा दुसरा डबा उघडला तेव्हा आत एकही धड अंडं नव्हतं. पार्सल वाटेत उकाड्यात अडकलं, अळ्या डब्यातच बाहेर पडल्या आणि खायला काही नाही म्हणून त्यांनी एकमेकींना खाल्लं. या अळ्यांची ही सवय सगळ्या विक्रेत्यांना ठाऊक असते, डब्यात भुसा भरतात तो त्यासाठीच. मी फोटो पाठवले तर उत्तर आलं, 'जिवंत मालाची हमी नसते.' मग उशीर कोणाचा, पॅकिंग कोणाचं, यावर बरीच हुज्जत घालावी लागली. शेवटी बदली डबा मिळाला, पण पैसे मोजून वर भांडावंही लागणं मला मान्य नाही. कीटक पाठवताना थंड राहील असं पॅकिंग करणं ही मेहेरबानी नव्हे.

त्या रागातच मी ठरवलं होतं की हा सगळा प्रकार महागडा आणि बेभरवशाचा आहे म्हणून लिहायचं. आता तसं लिहिणार नाही, कारण मधल्या काळात बरंच काही पाहिलं.

आधी ट्रायकोकार्ड, थोडक्यात. कार्डावरच्या काळ्या अंड्यांतून बाहेर पडणारी गांधीलमाशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते आणि ती पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. म्हणजे टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी अंड्यातच संपवायची असेल तर हे कार्ड कामाचं. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांवर त्याचा उपयोग शून्य. तरी जाहिरातीत 'सर्व किडींवर प्रभावी' असं बिनदिक्कत छापतात, याची मला चीड येते.

लेडीबर्डचे प्रौढ भुंगेरे मी पुन्हा विकत घेणार नाही. संध्याकाळी, झाडांवर पाणी शिंपडून, सगळं सांगितल्याप्रमाणे करून सोडले आणि सकाळी त्यातले बहुतेक उडून गेलेले होते. पंख असलेला भुंगेरा आपल्याच गुलाबावर थांबेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. घ्यायच्याच असतील तर अळ्या घ्या. त्यांना उडता येत नाही आणि एकेक अळी वाढीच्या काळात शेकडो मावा फस्त करते.

पण खरी अडचण भुंगेऱ्यांची नाही, मुंग्यांची आहे. मित्रकीटकांबद्दल जिथे तिथे लिहिलेलं असतं, त्यात मुंग्यांना एखादी ओळ मिळाली तर मिळते. माझ्या मते निम्मा मजकूर त्यांच्यावरच हवा. गुलाबाच्या कळीखाली भिंग धरून बघा. मुंगी माव्याच्या पाठीवर मिशांनी टकटक करते, मावा मागून गोड चिकट थेंब सोडतो, मुंगी तो पिऊन पुढच्या माव्याकडे वळते. हा थेंब मिळत राहावा म्हणून ती माव्याची राखण करते, गवळ्याने गाई राखाव्यात तशी. मी बघत असतानाच लेडीबर्डची एक अळी देठावरून वर आली. दोन मुंग्यांनी तिचा पाय धरला, ओढत कडेला नेलं आणि खाली ढकललं. विकत आणलेली अळी मातीत पडली आणि मावा जागेवर तसाच.

तेव्हापासून माझा बराचसा वेळ मुंग्यांवरच गेला. खोडाभोवती आधी टेप आणि मगच त्यावर चिकट लेप लावायचा, सालीवर थेट लावला तर झाडाला इजा होते. लेपावर धूळ बसली की मुंग्या तिच्यावरूनच चालत जातात, म्हणून अधूनमधून नवा थर द्यायचा. भिंतीला टेकलेली एक फांदी राहिली तरी सगळी मेहनत वाया, कारण त्या तिथून येतात. कुंड्या पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवल्या तर उत्तमच, फक्त पाणी वरचेवर बदला, नाहीतर डास होतात.

आणि इथेच माझं मत बदललं. मुंग्यांची वाट तोडल्यावर त्याच गुलाबावर मी नवीन काही सोडलं नव्हतं. तरी मावा ओसरू लागला. काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेले दिसले आणि त्यांच्या पाठीवर एकेक गोल भोक. ती परोपजीवी गांधीलमाशीची करणी. ती माव्याच्या पोटात अंडं घालते, अळी आतूनच त्याला खाते आणि प्रौढ माशी भोक पाडून बाहेर पडते. शेजारी सिरफिड माशीच्या हिरवट अळ्याही मावा खाताना दिसल्या. हे कीटक कुठल्याच डब्यातून आले नव्हते. बाजूला फुलायला सोडलेली कोथिंबीर आणि बडीशेप त्यांना मकरंद देत होती आणि बागेत फवारणी बंद होती. एक पैसा न घालवता झालेलं हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

फवारणीचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. 1888 साली अल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात लेडीबर्डच्याच कुळातले वेडालिया भुंगेरे पाठवले आणि त्यांनी तिथल्या संत्रा-लिंबाच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या. पुढे 1940च्या दशकात तिथे डीडीटी वापरलं तर भुंगेरे मेले आणि तीच कीड पुन्हा उसळली. घरच्या बागेतही तसंच होतं. 'सेंद्रिय' लिहिलेला फवाराही कोवळ्या अळ्यांना सोडतोच असं नाही.

विकत घेतलेल्यांत पैसे वसूल झाले ते क्रिप्टोलेमस या पिठ्या ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दाट झाला होता, तिथे भुंगेऱ्यांनी अंडी घातली आणि अळ्यांनी फांद्या साफ केल्या. फक्त घरातल्या सगळ्यांना अळी आधी दाखवून ठेवा. तिच्या अंगावर पांढऱ्या मेणाच्या झालरी असतात, त्यामुळे ती थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि चिरडली जाते. ओळखायची खूण म्हणजे ती ढेकणापेक्षा मोठी असते आणि चपळ चालते. कीड तुरळक असेल तर मात्र मागवू नका, खायला कमी पडलं की भुंगेरे निघून जातात. थंडीतही ते सुस्तावतात.

पुढच्या वेळी मी फक्त क्रिप्टोलेमस मागवणार, तेही जास्वंदीच्या खोडावर नवा लेप चढवून झाल्यावरच. विक्रेत्याला तसं कळवलं आहे आणि डब्यावर 'आधी मुंग्या आवरा' एवढं ठळक छापा, असंही लिहिलं आहे. त्यांनी अजून छापलेलं नाही, म्हणून एक तारा कमी.