बेळगावचा उन्हाळा आणि खादीचा हाफ शर्ट : वापरून बघितल्यावर

उन्हाळ्यात घालायला काय घ्यावं म्हणून कुणी विचारलं तर मी आता एकच सांगतो, खादी भांडारात जा, न रंगवलेली हातसुताची खादी मोजून घ्या आणि आपल्या टेलरकडनं ढगळ हाफ शर्ट शिवून घ्या. मार्चपासनं हाच घालतोय, शहरात, गाडीवर, जांबोटीच्या रानात, कॅमेरा गळ्यात टाकून दिवसदिवस फिरताना, त्यामुळं जे लिहितोय ते वापरून लिहितोय.

फोनवर समर लुक म्हणून जे येतं ते बहुतेक सगळं समुद्रकाठचं असतंय, इटलीतलं कुठलंतरी गाव, पांढऱ्या भिंती, लिननचा सूट. फोटो सुंदर असतात, मी पण सेव्ह करून ठेवतो, रंग कसे जुळवलेत ते बघायला आवडतं. पण आपला उन्हाळा वेगळा आहे. बेळगाव अडीच हजार फुटांवर, दुपारी ऊन चटकतं, संध्याकाळी पश्चिमेकडनं वारं सुटतं आणि मधेच एखाद्या दिवशी वळीव गडगडत येतो आणि गारा पाडून जातो. घाम, वारं, पाऊस, तिन्ही एकाच दिवसात सोसणारं कापड पाहिजे, आणि ते आपल्याच तालुक्यात तयार होतंय हे किती जणांना माहीत आहे?

हुदली. स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी गंगाधरराव देशपांडे, त्यांचं गाव. १९२४ साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथंच, आणि त्या अधिवेशनाची सगळी उभारणी गंगाधररावांनी केली. पुढं खादीच्या कामाला त्यांनी असं वाहून घेतलं की लोक त्यांना खादी भगीरथ म्हणायला लागले. १९३७ मध्ये गांधीजी हुदलीला येऊन राहिले पण होते. तिथं अजून सूत कातलं जातं, माग चालतात. आपण टिळकवाडीतनं वीरसौधवरनं, म्हणजे त्या अधिवेशनाच्या स्मारकावरनं, रोज जातो येतो, पण त्या इतिहासातलं अंगावर घालता येण्यासारखं जे आहे ते मात्र दोन ऑक्टोबरच्या रिबेटपुरतंच आठवतो, हे मला मनापासून खटकतं.

आता कापड. मी घेतलं ते शहरातल्या एका भांडारातनं, छत्तीस इंच पन्ह्याचं, अडीच मीटर. हाफ शर्टाला तेवढं लागतंच, अंगानं भरलेला माणूस असेल तर थोडं जास्त घ्यावं. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जरा जाडंभरडं वाटतं, सूत कुठं जाड कुठं बारीक, मधेच एखादी गाठ. हीच त्याची खरी खुबी. गिरणीचं सूत एकसारखं आणि घट्ट पिळाचं असतं म्हणून कापड गुळगुळीत होतं, आणि हातसुतात पीळ कमीजास्त पडतो, त्यामुळं विणीत बारीक बारीक फटी राहतात आणि त्यातनं वारं खेळतं. शिवाय कापूस तो कापूस. हवेतला ओलावा कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्का पण नाही. म्हणून तर मिक्स कापडाचा शर्ट दुपारी पाठीला चिकटून बसतो आणि हा घाम ओढून घेतो, मग गाडीवर जरा वारं लागलं की पाठ गार. लिनन ओलावा ह्याच्याहून जास्त धरतं हे मान्य, पण ब्रँडेड लिननच्या एका शर्टाच्या किमतीत माझं कापड, शिलाई आणि बटणं सगळं होऊन पैसे उरले.

शिवायला शहापुरातल्या मास्तरांकडं दिला. शर्ट शिवणारे जुने मास्तर आता कमी राहिलेत, ज्यांच्या हाताला काज-बटण आणि कॉलर बसवायचं वळण आहे असे तर फारच थोडे, आणि माझ्या मते ह्या शर्टाचं निम्मं श्रेय त्यांचंच. मी फोनमधला फोटो दाखवला, ओपन कॉलर, सरळ घेर, बाजूला छोटे कट. मास्तर बघून म्हणाले, "हे आमच्या वडलांच्या वेळचंच की वो, तवा सगळे असंच शिवून घ्यायचे." मग त्यांनीच दोन गोष्टी सांगितल्या. कापड रातभर पाण्यात भिजत घालून, वाळवून, मगच कापायचं, कारण खादी पहिल्या धुण्याला आटते. आणि कॉलरीत कडक बकरम (आतलं ताठ अस्तर) घालायचं नाही, नाहीतर मऊ कापडावर कॉलर फळीसारखी उभी राहते. बाह्या कोपराच्या जरा वरपर्यंत, छाती मापापेक्षा चार इंच सैल, एकच खिसा, करवंटीची बटणं. बटणं मी शोधून आणून दिली, प्लास्टिकची लावली असती तरी चाललं असतं पण ह्या कापडावर ती उपरी दिसतात.

ढगळपणाबद्दल जरा बोलतो, कारण आपल्याकडची पोरं अजून अंगाला चिकटलेलंच मागतात. उन्हात अंग आणि कापड ह्यांच्यात हवा राहिली पाहिजे, ती राहिली नाही तर कापड कितीही चांगलं असू दे, काही उपयोग नाही. शेतावरची जुनी माणसं बघा, पैरण कधी तंग असायची का?

चोर्ल्याच्या रस्त्याला जांबोटीच्या पुढं कणकुंबीपर्यंत हा शर्ट घालून पुष्कळ भटकलोय. मे महिन्यात त्या पट्ट्यात करवंदं, जांभळं, फणसाचा वास, लाल माती आणि वरती पोपटी पालवी, आणि ह्या सगळ्यात न रंगवलेल्या खादीचा तो सायीसारखा रंग इतका बसतो की मी मुद्दाम मित्राला मळप्रभेच्या पात्रातल्या खडकांवर उभा करून फोटो काढले. खालती मातकट पँट, पायात आपल्या अथणीची चप्पल. (कोल्हापुरी म्हणतात पण २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत आणि त्यात बेळगाव आहे, हे आपल्या माणसांनी ठणकावून सांगायला पाहिजे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि मग सगळ्या जगाला त्या आठवल्या. अथणी-निपाणीकडचे कारागीर त्या पिढ्यानपिढ्या करतायत.)

फोटोवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. पांढरट कापड उन्हात टिपायचं तर कॅमेऱ्याच्या मीटरवर सोडू नका. मीटर समोर दिसेल ते सरासरी करड्या उजेडाचं धरून चालतो, फ्रेममध्ये पांढरं जास्त आलं की एक्स्पोजर उतरवतो आणि शर्ट मळकट येतो. सावलीत किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात पाऊण ते एक स्टॉप वाढवा. भर दुपारी उलटं, तिथं खांद्यावरचं पांढरं जळून सपाट होतं, म्हणून हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लक्ष ठेवून जरा खालीच घ्या. सगळ्यात चांगले फोटो मला किल्ल्यातल्या कमल बस्तीत मिळाले. १२०४ सालचं जैन मंदिर, आत काळे घोटीव खांब, छतात दगडी कमळ, आणि बाहेरचं ऊन फरशीवरनं उसळून आत येतं तेव्हा खादीच्या विणीतला एकेक उंचवटा दिसतो. गिरणीचं पांढरं कापड तिथं कागदासारखं सपाट येतं, मी दोन्ही घालून बघितलंय.

आणि पांढरा म्हणजे निव्वळ पांढरा कधीच नसतो, हे शिकायचं तर चित्रं बघावीत. स्पेनचा होआकिन सोरोया, १८६३ ते १९२३, समुद्रकाठच्या उन्हात पांढऱ्या कपड्यातली माणसं त्यानं जशी रंगवली तसं मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही. सावलीत निळा-जांभळा, उन्हात पिवळट, वाळूजवळ जरासा गुलाबी, आणि लांबनं बघितलं की लख्ख पांढरं. त्याचं ऊन समुद्राचं, आपलं लाल मातीचं, त्यामुळं येळ्ळूरच्या राजहंसगडावर चार वाजता उभं राहिलं की शर्टाच्या खालच्या बाजूला तांबूस झाक येते, नीट बघा. बेळगावात असं बघायला शिकवणारी माणसं होऊन गेलीत. के. बी. कुलकर्णी सरांकडं इथंच शिकून रवी परांजपे पुढं एवढे मोठे चित्रकार झाले. त्या गावात राहून आपण कपड्याचा रंग मोबाइलच्या जाहिरातीवरनं ठरवावा हे काही पटत नाही.

आता उणं पण सांगतो. सुरकुत्या पडतात, भरपूर पडतात, इस्त्री करून निघालात तरी खडे बाजारात पोचेपर्यंत मोडलेला असतो, ज्याला ते चालत नाही त्यानं घेऊच नये. पातळ पोताची घेतली तर आतला बनियन दिसतो, म्हणून घेताना कापड उजेडाला धरून बघा. दोन ताग्यांचा रंग एकसारखा नसतो, नंतर तसंच कापड आणू म्हटलं तर मिळत नाही, दोन शर्ट करायचे असतील तर एकदमच फाडून घ्या. रेडिमेडच्या वाटेला शक्यतो जाऊ नका, मी जिथं बघितले तिथं मापं काहीतरीच होती, खांदा बसला तर उंची कमी. आणि भांडारातली सेवा संथ, दुपारी जेवणाच्या वेळेला गेलात तर थांबावं लागतं, बिल हातानं लिहितात, दाखवायला मात्र कंटाळत नाहीत, दहा तागे काढायला लावले तरी तोंड वाकडं केलं नाही. खादी मार्क बघून घ्या, हातमागाचं म्हणून यंत्रमागाचं खपवणारे बाजारात आहेत.

धुताना गार पाणी, साधा साबण, ब्रशनं घासायचं नाही, आणि हवी तर अगदी पातळ खळ. ऊन लागू दे पण उलटा करून. इस्त्री जरा ओला असतानाच.

जूनमध्ये खानापूरकडं पाऊस धरला की मात्र हा शर्ट कपाटात ठेवा, चार चार दिवस वाळत नाही आणि बुरशीचे ठिपके पडले की जात नाहीत. पुढच्या उन्हाळ्यासाठी शिवायचा असेल तर फेब्रुवारीतच टेलरकडं द्या, लग्नसराई सुरू झाली की कुठलेच मास्तर साध्या शर्टाला हात लावत नाहीत. मी पुढचा गेरूच्या रंगाचा करणार आहे, पूर्ण बाह्यांचा, कापड घेऊन भिजवून ठेवलंय.