दोन खेळाडूंचं स्वस्त आर्केड किट: बटणं उत्तम, दांडी बेताची

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे जुन्या नाण्यावरच्या व्हिडिओ गेमसारखी पेटी, बांधायला घेतलं की खर्च वाढवणारे सल्लागार आपोआप जमतात. कोणी म्हणतं, दांडी अस्सल जपानीच हवी. कोणी म्हणतं, जुना सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा पडदा, नसेल तर कशाला खटाटोप. माझं बजेट पहिल्या सल्ल्यातच संपलं असतं. म्हणून मी बिननावाचं, दोन खेळाडूंचं किट मागवलं: बटणं-दांडी कॉम्प्युटरला जोडणारे दोन यूएसबी बोर्ड, दोन जॉयस्टिक म्हणजे दांड्या, बटणांची पिशवी आणि तारांची जुडी. 'झिरो डिले' नावाने विकतात तेच. भाचरं घरात असली की त्याला उसंत नसते, त्यामुळे ते कुठे टिकतं आणि कुठे कच्चं आहे हे आता नीट कळलं आहे.

बटणांबद्दल माझी तक्रारच नाही. खेळायची बटणं 30 मिमी, स्टार्ट आणि कॉइनची 24 मिमी. नावाजलेल्या जपानी सान्वा कंपनीच्या बटणांचीही हीच मापं, त्यामुळे उद्या पैसे आले तर भोकं न बदलता बटणं बदलता येतील. किटमधलं बटण थोडं कडक आहे आणि खालच्या मायक्रोस्विचचा टकटकाट पलीकडच्या खोलीत ऐकू जातो. पण दाबलं की लागतं, सोडलं की सुटतं. एकही अडकलेलं नाही. स्विचच्या दोन पात्यांवर तारेच्या टोप्या नुसत्या दाबून बसवायच्या, सोल्डरिंग लागत नाही. साध्या बटणात कुठली तार कुठल्या पात्याला याने काही बिघडत नाही. दिव्याची बटणं घेतलीत तर मात्र दिव्याच्या तारांना अधिक-उणे असतं. दिवा लागला नाही तर टोप्यांची अदलाबदल करून बघा, बटण फेकू नका. टोपी काढताना तार ओढायची नाही, टोपीलाच पकडायचं. तार क्रिंपमधून, म्हणजे टोपीच्या आवळलेल्या धातूतून, सुटते आणि मग पुन्हा बसवणं जिवावर येतं.

दांडी ही या किटची दुबळी बाजू. मधोमध असताना ती किंचित डुलते आणि सोडल्यावर जागेवर यायला आळस करते. मारामारीच्या खेळात हे खपून जातं, पॅक-मॅनमध्ये खपत नाही. 1980 चा हा खेळ चार दिशांच्या दांडीसाठी बनला. किटची दांडी आठ दिशांची, खाली चौकोनी गेट, म्हणजे दांडीची हालचाल अडवणारी चौकट. वळणावर हात जरा कोपऱ्याकडे गेला की वर आणि उजवीकडे असे दोन स्विच एकदम लागतात, पॅक-मॅन सरळ निघून जातो आणि भुताच्या तोंडी पडतो. भाचीने मला सुनावलं, "मावशी, मी बरोबर वळवलं होतं!" तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून पहिल्या खेळाडूच्या जागी मी सान्वाची जेएलएफ ही दांडी बसवली. तिच्या तळाची गेटची चकती फिरवून चार किंवा आठ दिशा ठरवता येतात. दुसऱ्या बाजूला किटचीच दांडी आहे आणि तिथे बसणारं कुरकुरत नाही. जास्तीचे पैसे एकाच वस्तूवर टाकायचे असतील तर या एका दांडीवर टाका. किटमधली काढलेली दांडी राखीव म्हणून राहते, तिचे स्विच सुट्या भागांसाठी कामी येतात.

बोर्डाचं बोलायचं तर 'झिरो डिले' ही जाहिरात आहे, बटण दाबल्यापासून खेळात दिसेपर्यंतचा उशीर शून्य नसतोच. पण साधारण 60 चित्रं दर सेकंदाला दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्राचा वेळ 16.7 मिलिसेकंद. टीव्ही रंग आणि हालचाल 'सुधारत' बसला तर एकटाच अशी कित्येक चित्रं खातो. आधी टीव्हीचा गेम मोड लावा, मग बोर्डाला नावं ठेवा. मला या बोर्डाचा खरा त्रास वेगळाच झाला. दोन्ही बोर्ड कॉम्प्युटरला स्वतःचं नाव तंतोतंत एकच सांगतात. कॅबिनेट बंद करून चालू केलं की कधी पहिला खेळाडू दुसरा होतो आणि भांडण जुंपतं. ते थांबवायला बोर्डाला त्याच्या नावाने ओळखून चालत नाही, यूएसबीच्या खाचेवरून ओळखायचा नियम लिहावा लागतो. कॉम्प्युटरची सवय असलेल्याला ते काम किरकोळ आहे, नसेल त्याची सुट्टी यात जाते. आणि बोर्डावर 'मोड' लिहिलेल्या सॉकेटला बटण जोडू नका. माझ्या बोर्डावर ते चुकून दाबलं गेलं की दांडी डी-पॅडऐवजी (साध्या दिशांच्या बटणांऐवजी) ॲनालॉग म्हणून ओळखली जाते आणि खेळात काहीच हलेनासं होतं.

आता लाकूड, कारण किटबरोबर आलेल्या कागदात त्याबद्दल अक्षरही नाही. 18 मिमी एमडीएफ बाजूंच्या भिंतींना छान, पण त्याच जाडीची फळी कंट्रोल पॅनलला लावली तर दांडी वर पुरेशी येत नाही आणि बटणांच्या कडेच्या खिट्या उघडायला जागा मिळत नाही. ज्यांच्याकडे राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, आहे ते खालून खळगा कोरतात. माझ्याकडे नाही. मी पातळ प्लाय घेऊन खालून मजबुतीला पट्ट्या मारल्या आणि प्रत्येक बटणाखालची जागा मोकळी सोडली. हात आपटला तरी पॅनल लवत नाही. 30 मिमीची भोकं फोर्स्टनर बिटने, म्हणजे स्वच्छ कडेचं भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या पात्याने, पाडा, फळीखाली टाकाऊ लाकूड घट्ट दाबून. सपाट पात्याचा स्पेड बिट प्लायचा वरचा पापुद्रा उचकटतो आणि ती कड पुढे आयुष्यभर मनगटाला टोचते. एमडीएफ कापताना मास्क हवाच. कापलेल्या कडा रंगाआधी सील केल्या नाहीत तर त्या रंग पीत राहतात.

पडद्यासाठी ऑफिसमधून निघालेला 19 इंची चौकोनी एलसीडी घेतला. त्याचे 1280×1024 म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण 5:4, आणि जुने खेळ 4:3 चे, त्यामुळे रुंद पडद्यासारखी दोन्ही बाजूंना मोठी काळी पट्टी उरत नाही. स्ट्रीट फायटर 2 आडवा, पॅक-मॅन उभा. उभ्या खेळाच्या बाजूंना काळी जागा राहते, ती मी सोसते. अशा पडद्याचं टीएन प्रकारचं पॅनल खालून पाहिलं की काळवंडतं, म्हणून कॅबिनेटमध्ये तो किती तिरका ठेवायचा हे भिंती कापण्याआधी हातात धरून ठरवावं. आत अडगळीतला जुना पीसी आहे. बाटोसेरा हे जुने खेळ चालवणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरूनच सुरू होतं, हार्ड डिस्कला हात लावत नाही. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर कमी जागा घेतो, पण मोबाइलचा कुठलाही चार्जर लावून तो चालवू नका. वीज कमी पडली की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं आणि खेळ अडखळतो.

खेळ कुठून आणायचे यावर लोक गप्प राहतात. मेम (MAME) हे जुने आर्केड खेळ कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर 1997 पासून आहे आणि ते स्वतः मोफत आहे, पण बहुतेक खेळांचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत. ग्रिडली आणि रॉबी रोटो असे मोजके खेळ मेमच्या अधिकृत साइटवरच हक्कदारांच्या परवानगीने, बिनव्यापारी वापरासाठी मिळतात. जुळणी तपासायला ते भरपूर झाले.

सोल्डरिंग येत असेल तर आणखी एक रस्ता आहे. रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर जीपी2040-सीई हे मोफत फर्मवेअर (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) घातलं की तो एन्कोडर, म्हणजे किटमधल्यासारखाच बटणं-दांडी कॉम्प्युटरला जोडणारा बोर्ड, होतो, आणि उशिराच्या बाबतीत या किटच्या बोर्डाला सहज मागे टाकतो. माझं बटणांचं जाळं तसंच ठेवून पुढे फक्त बोर्ड तेवढे बदलायचे, असं ठरवलं आहे. पण पहिल्यांदाच कॅबिनेट बांधणाऱ्याने हे किट घ्यावं. एका दांडीची तरतूद वेगळी ठेवावी आणि उरलेले पैसे चांगल्या प्लायवर घालावे.