कूलरखालचे सिंगर, सागाची पेटी आणि पितळेचा गुंड : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी दिवाळीच्या आवरासावरीत गॅलरीतला कूलर जागेवरून हलवला, तेव्हा त्याच्या खालचे स्टँड पहिल्यांदाच नीट उजेडात आले आणि काळ्या ऑइलपेंटच्या थरांखाली उठावाची इंग्रजी अक्षरे दिसली. नखाने रंग खरवडल्यावर ‘सिंगर’ असे वाचता आले. सासूबाईंना विचारले, तर त्यांनी अगदी शांतपणे सांगितले की ते त्यांच्या सासूबाईंच्या शिलाई मशीनचे पाय आहेत. मशीनचे डोके केव्हाच विकले गेले, पाय जड म्हणून कोणी नेले नाहीत, आणि नागपुरात कूलरला दरवर्षी काहीतरी आधार लागतोच, म्हणून मामंजींनी तो त्यावर ठेवला. लग्न होऊन बारा वर्षे झाली, तरी ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असे कोणाला वाटलेच नव्हते.

त्या पायांचे टेबल झाले. त्यांच्यामागोमाग माळ्यावरची सागवानी पेटी खाली आली, पेटीत एक लाकडी बैल सापडला, घरातला पितळेचा गुंड (पाणी भरायचे भांडे) बाहेर निघाला आणि इतवारीच्या बाजारातून एक परात आली. या वस्तूंवर एक हिवाळा, एक उन्हाळा आणि जवळजवळ एक पावसाळा गेला आहे. जुन्या वस्तूंचे नवे रूप दाखवणारी छायाचित्रे बहुधा पहिल्याच दिवशी काढलेली असतात; चौथीतला मुलगा, चार वर्षांची मुलगी, कूलरचा ओलावा आणि पाहुण्यांचा राबता यांतून गेल्यावर त्याच वस्तूंचे काय होते, हे मला तरी कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी टेबलाविषयी, कारण पैसा आणि मनस्ताप दोन्ही त्यावरच अधिक झाला. हे पाय बिडाचे असतात, आणि बीड हा लोखंडाचाच प्रकार असला तरी तो साध्या लोखंडासारखा वागत नाही. तो भार निमूटपणे पेलतो, पण हातोड्याचा एक तिरका घाव सोसत नाही. आमच्या एका पायाचा स्क्रूचा कान आधीच तडकलेला होता. जवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने तो नेहमीच्या वेल्डिंग रॉडने जोडून दिला आणि तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना टक् असा आवाज होऊन जोडाच्या शेजारीच नवी भेग पडली. बिडाला वेल्डिंग करायचे तर आधी तो भाग तापवावा लागतो, निकेलचा रॉड वापरावा लागतो आणि नंतर तो राखेत किंवा वाळूत सावकाश थंड होऊ द्यावा लागतो, हे मला त्यानंतर कळले. शेवटी भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पत्ती लावून नटबोल्टने आवळली. दिसायला ती ठिगळासारखीच दिसते, पण अकरा महिन्यांत तसूभरही हललेली नाही.

दुसरी चूक वरच्या फळीची. खर्च आवरावा म्हणून आम्ही साधी कमर्शियल प्लाय टाकून तिच्यावर सनमायका लावला. हिवाळाभर टेबल छान दिसले. एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला, टेबल नेमके त्याच्या झोताच्या वाटेत होते, आणि मे संपेपर्यंत प्लायची एक कड फुगून सनमायका उचलला गेला. बाहेर पंचेचाळीस अंशांचे कोरडे ऊन आणि आत कूलरची दमट हवा, अशा दोन टोकांच्या हवेत नागपुरातले लाकूड अख्खा उन्हाळा काढते, हे फळी निवडतानाच लक्षात घ्यायला हवे होते. मग लकडगंजच्या लाकूडबाजारात जाऊन पाडलेल्या घराच्या दाराची जुनी सागवानी फळी आणली. मिस्त्रींनी तिच्यावर रंदा मारला तेव्हा आतून मधासारखा रंग निघाला आणि घरभर सागाचा वास सुटला. (नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला, हे आमच्या मिस्त्रींनी काम चालू असताना किमान चार वेळा सांगितले.) कडीकोयंड्याची दोन भोके आम्ही मुद्दाम बुजवली नाहीत, मुलाने त्यांत पेन्सिली उभ्या करण्याची सोय शोधून काढली आहे. पावसाळ्यात ही फळी किंचित फुगली आणि आता पुन्हा बसते आहे. मिस्त्रींनी ती पायांवर लांबट खाचेतल्या स्क्रूंनी बसवली, त्यामुळे तिला हलायला जागा राहिली आणि तडा गेला नाही.

फळीला चपड्याचे (लाखेचे) पॉलिश न करता जवसाचे उकळलेले तेल लावले. चपडा चकाकतो, पण त्यावर गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते, आणि आमच्या घरात कप बशीवर ठेवण्याची शिस्त फक्त सासूबाईंना आहे. तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवसांची वाट, एवढाच तो प्रकार. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. जवसाचे तेल हवा लागून वाळताना उष्णता सोडते, त्यामुळे तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

वापराच्या दृष्टीने टेबलाला एक खोड आहे. खालचे पायडल काढले नाही तर मोठ्या माणसाचे पाय अवघडतात, आणि काढले तर त्या पायांची मजाच जाते. आम्ही ते ठेवले. मुलगा पाढे म्हणताना पायडल हलवत राहतो, आणि पायडलची लय तुटली की तो अडखळला हे मला स्वयंपाकघरातूनही कळते. चाक मात्र पहिल्याच आठवड्यात जाड तारेने बांधून टाकले आणि पायडल त्यापासून सोडवले, कारण चाक फिरते तेव्हा धाकटीची बोटे नेमकी तिथेच असतात. पायडलच्या सांध्यांना महिन्यातून एकदा मशीनचे तेल पुरते.

पेटीची गोष्ट निराळी आहे. ती सागाचीच, पण तिला बाहेरून हिरवा ऑइलपेंट होता, आत वर्तमानपत्राचे अस्तर होते आणि डांबर गोळ्यांचा वास इतका मुरला होता की मे महिन्याच्या उन्हात आठ दिवस उघडी ठेवल्यावरच तो गेला. अस्तराखालच्या फळीत बारीक छिद्रे आणि पिठासारखा भुसा दिसला, म्हणजे भुंगा लागून गेला होता. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही. कडेच्या फिकट लाकडाला लागतो, आणि आमच्या पेटीची तळाची एक पट्टी तशीच होती. ती बदलली, छिद्रांत इंजेक्शनच्या सुईने औषध भरले आणि नंतर महिनाभर पेटीखाली काळा कागद अंथरून नवा भुसा पडतो का ते पाहिले. पडला नाही.

पेटी आता दाराशी असते. तिच्यावर बसून पायताण घालायचे आणि आत खेळणी टाकायची. झाकण बोटांवर आदळू नये म्हणून मी ऑनलाइन गॅसचा दट्ट्या मागवून बसवला होता. तो इतका कडक निघाला की दोन महिन्यांत त्याचे स्क्रू लाकडाची ढलपी घेऊन बाहेर आले. त्या जागी आता झाकण अर्ध्यावर धरून ठेवणारी साधी पितळी साखळी आहे आणि कडेला फेल्टचे दोन तुकडे. मूळच्या बिजागऱ्यांना मात्र आजवर हात लावावा लागलेला नाही.

पेटीच्या तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला चाकांचा लाकडी बैल होता. तो माझ्या पतींचा, म्हणजे कधीकाळी त्यांनी तान्ह्या पोळ्याला (लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला) दोरीने ओढत गल्लीभर फिरवलेला. साहजिकच धाकटीला तो त्याच दिवशी हवा होता, आणि साहजिकच त्याचा लाल-पिवळा रंग पापुद्र्यांनी सुटत होता. इथे मी थांबले, आणि थांबले ते बरे झाले. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते; आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीचा रंग निर्धास्तपणे घासू नये. लहान मुलांच्या शरीरात शिसे गेले तर त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो, आणि ते जाण्याची एक मोठी वाट म्हणजे पॉलिश पेपरने उडवलेली धूळ. सिंगरचे पाय मी याच गॅलरीत कोरड्या वायर ब्रशने घासले होते आणि धाकटी बाजूला खेळत होती, याची आठवण आजही मला बेचैन करते. बैलाचा आणि पेटीचा रंग मात्र मुले आजोळी गेलेली असताना पेंट रिमूव्हरने मऊ करून, ओला ठेवूनच काढला आणि खाली अंथरलेल्या कागदासकट बांधून टाकला. बैलाला नवा रंग लागला, तुटलेले एक चाक मिस्त्रींनी फळीच्या उरलेल्या तुकड्यातून करून दिले, आणि नुकत्याच झालेल्या तान्ह्या पोळ्याला त्याने एकशे चाळीस रुपये बोजारा (बैल दाखवल्यावर मिळणारी खुशाली) मिळवला. आमच्या सगळ्या खटाटोपात स्वतःची कमाई असलेली ही एकच वस्तू.

पितळेच्या बाबतीत मी गुन्हेगार आहे. सासूबाईंच्या लग्नात आलेला गुंड भंडाऱ्याचा होता; पितळेच्या भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव असल्याने आमच्याकडच्या बहुतेक घरांत तिकडची एखादी तरी वस्तू निघते. मी त्याचा दिवा करायचे ठरवले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “सूनबाई, भोक पाडशील तर ते परत बुजत नाही.” मी पाडले. वायर घातली, वर शेड बसवली, चकाकी टिकावी म्हणून लॅकर मारले. पावसाळ्यात लॅकर पापुद्र्यांनी सुटले आणि खालचे पितळ ठिपक्याठिपक्यांनी काळवंडले, म्हणजे ना धड चकाकी ना धड जुनेपणा. दिवा काढून टाकला. भोकाला डाक (वितळवलेल्या धातूचा जोड) देऊन घेतली, पण डाकेत बहुधा शिसे असते, त्यामुळे त्या गुंडात आता पिण्याचे पाणी भरता येत नाही. त्यातले पाणी झाडांना जाते. सासूबाईंनी त्यानंतर हा विषय काढलेला नाही, आणि न काढण्यातच त्यांचे म्हणणे पुरेसे आले आहे.

इतवारीत घेतलेली परात, जिला आमच्याकडे कोपर म्हणतात, तिने मात्र मला सावरले. भंगारात जाणाऱ्या भांड्यांच्या ढिगातून ती वजनावर मिळाली. तिच्या काठावर ठिपक्यांनी कोरलेली अक्षरे होती. नाव झिजलेले, पण ‘सप्रेम भेट’ आणि ‘१९६३’ स्पष्ट. कोणाच्या तरी लग्नातला आहेर. म्हणून ती मी चिंच-मिठाने हलक्या हाताने धुते, राखेने किंवा तारेच्या घासणीने नाही. आतून कल्हई करून घेतली. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, कथील पाण्यासारखे पसरते आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात परात चांदीसारखी होते. मुलगा ते पाहून अर्धा तास हलला नाही. पितळेत आंबट पदार्थ कल्हईशिवाय ठेवू नयेत, तसेच कल्हई केलेले भांडे रिकामे तापवू नये, कारण कथील २३२ अंशांनाच वितळते. कणीक मळणे, शंकरपाळ्यांचे पीठ भिजवणे, सांबार (कोथिंबीर) निवडणे ही सगळी कामे आता त्याच परातीत होतात. कल्हई सात-आठ महिन्यांनी मधोमध विरळ झाली आहे, दिवाळीपूर्वी पुन्हा करावी लागेल.

खर्चाचे विचाराल तर टेबलाला सगळे मिळून साडेआठ हजार लागले, त्यातले जवळजवळ तीन हजार प्लाय, सनमायका आणि वाया गेलेल्या वेल्डिंगचे. पेटी अठराशे, परात कल्हईसह दोन हजारांच्या आत. एवढ्या पैशात दुकानातले अभ्यासाचे टेबल आले असते, आणि ज्यांच्या घरी माळा रिकामा आहे व वेळ कमी आहे त्यांनी ते खुशाल घ्यावे. ज्यांच्याकडे बिडाचे पाय किंवा सागाची पेटी आधीच पडून आहे, त्यांनी मात्र ती किलोच्या भावाने देण्यापूर्वी रंग थोडा ओला करून खरवडून पाहावा.

एक हिशेब राहिला. सिंगरचे पाय काढून घेतल्यामुळे कूलरला नवे स्टँड लागले. मार्चमध्ये लोखंडी अँगलचे, रंगवलेले, चौदाशे रुपयांचे आणले. जूनमध्ये कूलर बंद केला तेव्हा त्याच्या दोन पायांना गंज चढला होता आणि एक पाय वाकला होता. सध्या त्याखाली दोन विटा आहेत.