नातवाच्या भेटीसाठी घेतलेला वकिली सल्ला : आमचा अनुभव

मुलाच्या निधनानंतर सूनबाई सहा वर्षांच्या नातवाला घेऊन नंदुरबारला माहेरी राहायला गेली आणि वर्षभरात आमचे त्याच्याशी फोनवर बोलणेही थांबले. आम्ही अमळनेरकडचे. शेवटी मी व माझी पत्नी खानदेशातल्याच एका वकिलांच्या कार्यालयात गेलो. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

वकील पहिल्याच भेटीत जे बोलले ते ऐकायला कडू होते, पण त्याबद्दलच मी त्यांना सर्वाधिक गुण देईन. आजी-आजोबांना नातवंडांच्या भेटीचा स्वतंत्र हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही, वडिलांच्या पश्चात आईच नैसर्गिक पालक असते, आणि पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज केला तरी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ प्रमाणे न्यायालय सर्वात आधी मुलाचे हित पाहते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. माझ्या मेहुण्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा एक निकाल मोबाईलवर पाठवला होता. वकिलांनी तो वाचून बाजूला ठेवला. त्यात आई-वडील दोघेही करोनात गेले होते आणि ताबा मागणाऱ्या मावशीऐवजी मूल आजी-आजोबांकडे दिले गेले होते, इथे तर आई हयात आहे. शिवाय अर्ज मूल राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे नंदुरबारला करावा लागणार. प्रत्येक तारखेला सुरत मार्गावरची गाडी पकडणे आले.

अर्जाच्या मसुद्याच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. ‘सामनेवाली दुष्ट हेतूने मुलास आमच्यापासून तोडत आहे’ असे वाक्य त्यांनी आमच्या नावावर घातले होते. पत्नीने ते दोनदा वाचून घेतले आणि म्हणाली, “हाई वाक्य काढी टाका. तिने हे वाचले तर दार कायमचे बंद होईल.” त्यांनी वाक्य काढले, पण नव्याने टाइप करण्याचे पैसे वेगळे लावले.

पुढे अर्ज दाखल न करता त्यांनीच साधे पत्र पाठवून सूनबाईच्या काकांकडे बैठक जमवली, आणि महिन्यातून दोन रविवार, सकाळी दहा ते चार, असे लेखी ठरले. पत्नी दर वेळी डब्यात बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, नेते. पहिल्या रविवारी नातवाने डबा उघडून आधी वास घेतला, मग आमच्याकडे पाहिले.

एक गोष्ट त्यांनी सांगायला हवी होती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे अर्ज पत्नीच्या नावाने करायचा ठरला असता तर वकिलाच्या फीचा प्रश्नच नव्हता. हे आम्हाला नंतर बाहेरून कळले. सल्ल्यासाठी पाचपैकी चार, हिशेबासाठी दोन. तिथे जाणाऱ्यांनी फी अगोदर लेखी घ्यावी आणि सही करण्यापूर्वी मसुदा घरात मोठ्याने वाचून घ्यावा.